रिकामा कोनाडा: रोजच्या संसारात देवाचे सान्निध्य

मंडळ्यांसाठी पाठ
वाचावयाचे शास्त्रभाग: उत्पत्ति २८:१०–२२, लूक ११:२४–२६, लूक २४:१३–३५.
पाठाचा सारांश: घरातून मूर्ती काढली म्हणजे काम संपले असे नाही, जिवंत देव त्या घरातील चुलीजवळ, शेतात, वाटेवर व आजाऱ्याच्या उशाशी आहे, हे ओळखून राहणे हेच ख्रिस्ती मनुष्याचे रोजचे दर्शन होय.



कल्याणच्या पुढे, वालधुनी नदीच्या काठी, अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर उभे आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे साल कोरलेले आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांनी ते बांधविले; छित्तराजाने आरंभ केला व मुम्मुणी राजाच्या वेळी काम पुरे झाले, असे विद्वान मानितात. साडेनऊशेहून अधिक पावसाळे त्या काळ्या दगडांनी सोसले आहेत. आत गेले असता मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते, आणि वरचे शिखर भंगलेले असल्यामुळे त्या खोल गाभाऱ्यातून डोक्यावर आकाश दिसते. आज मंदिर सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. भोवती कारखाने झाले, दाट वस्ती झाली, आगगाडीचे रूळ पडले. तथापि महाशिवरात्रीस तेथे अजूनही मोठी यात्रा भरते व लांबून लांबून लोक दर्शनास येतात.

अशा दिवशी एखादा शेजारी आपल्या ख्रिस्ती बंधूस सहज विचारितो, "आम्ही दर्शनाला निघालो. तुम्ही दर्शनाला कोठे जाता?" हा प्रश्न केवळ अंबरनाथकरांचा नव्हे. ज्या ज्या गावात देऊळ आहे, त्या त्या गावात तो विचारला जातो; आणि असे गाव महाराष्ट्रात कोणते नाही? विचारणाऱ्याच्या मनात नेहमी टोमणाच असतो असे नाही. पुष्कळदा त्यास खरोखर जाणून घ्यावयाचे असते.

यास आपले बंधू बहुधा दोन उत्तरे देतात. कोणी म्हणतो, "आम्ही रविवारी प्रार्थनामंदिरात जातो." दुसरा म्हणतो, "आमचा देव स्वर्गात आहे." दोन्ही उत्तरे खरी आहेत, परंतु दोन्ही अर्धी आहेत. पहिल्याने देवास आठवड्याच्या एका दिवसात बसविले, दुसऱ्याने त्यास दृष्टीच्या पलीकडे ठेविले. मग सोमवारपासून शनिवारपर्यंत, ह्या पृथ्वीवर, ह्या चिखलात व ह्या धुरात आपला देव कोठे आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा पाठ आहे.

१. कोनाडा रिकामा राहिला काय?

ज्या घरातून आपण किंवा आपले वडील आले, ते घर कसे होते याची आठवण करा. पहाटे जात्यावर बसलेली आई देवाचे नाव घेऊन दळण घाली. उंबरठ्यास हळदकुंकू लागे. पेरणीपूर्वी शेतात नारळ फुटे. पोळ्यास बैल धुऊन, रंगवून त्यांस पुरणपोळीचा घास दिला जाई. खंडेनवमीस कोयता, कुऱ्हाड, नांगर यांची पूजा होई. भिंतीतील कोनाड्यात किंवा लाकडी देव्हाऱ्यात कुळाचे टाक असत. त्या पूजेत भीती होती, अज्ञान होते, भगताचा धाक होता. ह्या गोष्टींस आपण पुन्हा शरण जाणार नाही. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत असे एकही काम नव्हते, की ज्यास देवाच्या नावाचा स्पर्श झाला नाही.

आपण बाप्तिस्मा घेतला आणि ते सर्व सोडिले. टाक गेले, नारळ गेला, कोनाडा रिकामा झाला. आता त्या कोनाड्यात काय आहे? कित्येक घरांत तेथे कंगवा, औषधाची बाटली व विजेच्या बिलाचा कागद आहे. याविषयी कोणास दोष लावावयाचा नाही. कोनाडा वस्तू ठेवण्यासाठीच असतो. प्रश्न भिंतीतल्या कोनाड्याचा नसून मनातल्या कोनाड्याचा आहे. पूर्वी पेरणीच्या वेळी जे मन थरथरत का होईना पण देवाकडे वळत असे, ते आता पेरणीच्या वेळी कोणाकडे वळते? ते जर केवळ सावकाराकडे, बियाण्याच्या दुकानदाराकडे व आकाशातील ढगांकडेच वळत असेल, तर आपण मूर्तिपूजेतून निघून देवाच्या सान्निध्यात आलो नाही. केवळ मूर्तीशिवाय राहू लागलो.

आपल्या प्रभूने लूक ११:२४–२६ मध्ये अशाच एका घराविषयी सांगितले आहे. त्यातून अशुद्ध आत्मा निघून गेला. घर झाडलेले होते, नीटनेटके होते, परंतु त्यात कोणी राहावयास आले नव्हते. तेव्हा गेलेला आत्मा आपल्याहून वाईट असे आणखी सात आत्मे घेऊन परत आला व त्या मनुष्याची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट झाली. उपदेशक बंधूंनी हा दृष्टांत फार गंभीरपणे घ्यावा. घर झाडून देणे सोपे आहे; एका दिवसात होते. घर भरणे हे जन्माचे काम आहे. जी कुटुंबे संकटात पुन्हा भगताच्या दारी जातात, त्यांच्याविषयी आपण चटकन म्हणतो की त्यांचा विश्वास कच्चा. परंतु आपण त्यांस रविवारचा देव दिला व त्यांचे दुखणे बुधवारी रात्री आले, असे तर झाले नाही ना?

मोशेच्या शास्त्राने ह्या रिकाम्या जागेचा विचार पूर्वीच केला होता. अनुवाद ६:६–९ वाचून पाहा. देवाची वचने घरी बसले असता, वाटेने चालत असता, निजताना व उठताना बोलावी, दाराच्या चौकटीवर लिहावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे उंबरठा रिकामा ठेवण्याची आज्ञा नाही. आणि जखऱ्या संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या अगदी शेवटी (१४:२०–२१) असा दिवस पाहतो, की ज्या दिवशी घोड्यांच्या गळ्यातील घंटाही परमेश्वराच्या ठरतील, आणि मंदिरातील पात्रांप्रमाणे गावातील प्रत्येक हंडी पवित्र होईल. बैलांच्या घुंगुरमाळा व चुलीवरची हंडी ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हे वचन समजावून सांगावयास फार वेळ लागणार नाही.

२. शास्त्रात देव कोठे भेटला?

शास्त्रातील देवभेटी एका ओळीत मांडून पाहा. मोशे सासऱ्याची मेंढरे चारीत होता (निर्गम ३). गिदोन शत्रूच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडीत होता (शास्ते ६:११). अलीशा बैलांच्या बारा जोड्यांमागे नांगर धरून चालला होता (१ राजे १९:१९). बेथलेहेमचे मेंढपाळ रात्रीची राखण करीत होते. पेत्र व त्याचे सोबती जाळी धूत होते. शोमरोनातील स्त्री भर दुपारी पाण्याची घागर घेऊन विहिरीवर आली होती (योहान ४). यांपैकी बहुतेक जण देवास शोधण्यासाठी म्हणून निघालेलेच नव्हते. ते आपल्या कामात होते, आणि देव त्यांच्या कामात आला.

याकोबाची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. तो भावास फसवून घरातून पळाला होता. रानात रात्र झाली; उशाला दगड घेऊन तो निजला. ती जागा मंदिराची नव्हती व तो मनुष्य पुण्यवान नव्हता. तेथेच त्यास स्वप्नात पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी दिसली. जागा झाल्यावर त्यास भय वाटले, कारण देव त्या ठिकाणी होता आणि त्यास ते ठाऊक नव्हते. हे दोन शब्द मनात धरा: "होता" आणि "ठाऊक नव्हते". याकोबाने देवास तेथे बोलाविले नाही, आणिले नाही, स्थापिले नाही. देव आधीच होता. ओळख मागून झाली.

अम्माऊसच्या वाटेवरही तसेच झाले. दोन शिष्य उदास होऊन चालले होते. तिसरा वाटसरू बरोबर चालू लागला. मैलोगणती ते त्याच्याशी बोलत गेले व त्यास ओळखले नाही. संध्याकाळ झाली म्हणून त्यांनी त्यास घरी राहण्याचा आग्रह केला. त्याने भाकरी घेऊन आशीर्वाद दिला व मोडली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. येथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, प्रभूची ओळख उपदेश ऐकताना झाली नाही, जरी त्या उपदेशाने अंतःकरण पेटले होते. ती जेवणाच्या पाटावर झाली. दुसरी, त्यांनी जर त्या परक्या वाटसरूस दारावरूनच निरोप दिला असता, तर ओळख झालीच नसती. पाहुणचार हा येथे केवळ शिष्टाचार नव्हता. तो दर्शनाचा दरवाजा होता.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की देवाचा पुत्र स्वतः सुमारे तीस वर्षे नासरेथात राहिला व सुतारकाम करीत असे (मार्क ६:३, लूक ३:२३). त्या वर्षांत त्याने कोणता चमत्कार केला असे शुभवर्तमान सांगत नाही. रंधा, लाकूड, गिऱ्हाईक व घरची माणसे यांत ती वर्षे गेली. गावकरी तर पुढेही त्यास ओळखू शकले नाहीत, "हा सुतारच ना?" म्हणून अडखळले. जो देव तीस वर्षे सुतारशाळेत राहण्यास लाजला नाही, तो आपल्या शेतात, भट्टीत किंवा कारखान्यात येण्यास लाजेल असे का समजावे?

३. मंदिराविषयी आपली वृत्ती

येथे एका गैरसमजापासून सावध राहावे. देव सर्वत्र आहे असे म्हणताना शेजाऱ्याच्या देवळाची थट्टा करण्याचा कित्येकांस मोह होतो. प्रेषित पौल अथेनै नगरात गेला तेव्हा मूर्ती पाहून त्याचा आत्मा संतप्त झाला. परंतु बोलावयास उभा राहिल्यावर त्याने उपहास केला नाही (प्रेषितांची कृत्ये १७:१६–३४). तेथील लोक धर्मशील आहेत, हे त्याने आधी मानिले. मग त्याने सांगितले की ज्याने जग केले तो हातांनी बांधलेल्या मंदिरांत राहत नाही, आणि तो कोणापासूनही दूर नाही. ही दोन्ही वाक्ये बरोबर शिकवावी. पहिलेच शिकविले तर गर्व येतो. दुसरे शिकविल्याने प्रीती येते.

हाच विचार शलमोन राजाने स्वतः बांधलेल्या मंदिरास लागू केला. मंदिराच्या अर्पणाच्या दिवशीच त्याने प्रार्थनेत कबूल केले, की स्वर्गात व स्वर्गांच्या स्वर्गातही देव मावत नाही, मग ह्या घरात कोठून मावेल (१ राजे ८:२७)! अंबर म्हणजे आकाश. अंबरनाथच्या गाभाऱ्यात उभा राहिलेला मनुष्य भंगलेल्या शिखरातून आकाश पाहतो, तेव्हा शलमोनाचा तोच प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. आपल्या प्रार्थनामंदिरांच्या कौलांखालीही तो प्रश्न विचारावयास हवा. दगडाच्या मंदिरात देव कोंडला जात नाही असे म्हणणाऱ्याने त्यास विटांच्या प्रार्थनामंदिरात कोंडू नये.

त्याच शिवमंदिराच्या परिसरात दुसराही एक पाठ आहे. १९४७ साली देशाची फाळणी झाल्यावर सिंधमधून निघालेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत येऊन राहिली. त्या वस्तीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. घरे, दुकाने, शेते, पूजास्थाने सर्व मागे राहिली होती. ज्याचा देव एका जागेस बांधलेला असेल, त्याने अशा वेळी काय करावे? यहूदी लोकही एकदा असेच बाबेलास नेले गेले होते. यरुशलेमाचे मंदिर शेकडो कोस दूर राहिले. परंतु यहेज्केल संदेष्ट्यास देवाचे तेज दिसले ते मंदिरात नव्हे, तर परक्या देशात, खबार नदीच्या काठी, निर्वासितांच्या वस्तीत (यहेज्केल १:१–३). आज आपल्या गावांतील पुष्कळ तरुण पोटासाठी शहरात जातात व एका खोलीत सहा जण राहतात. त्यांस हा अध्याय जरूर वाचून दाखवावा. गाव मागे राहिले म्हणून देव मागे राहिला नाही.

४. आपल्या मराठी मंडळीतील तीन साक्षी

शास्त्रातील गोष्टी दूरच्या वाटत असतील, तर आपल्याच लोकांकडे पाहू.

नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटला. काव्याच्या व धर्माच्या गोष्टी निघाल्या. उतरताना त्याने टिळकांस शास्त्राची एक प्रत दिली व ती वाचण्यास सांगितले. टिळकांनी वचन दिले म्हणून वाचावयास घेतली. डोंगरावरील प्रवचनापाशी, म्हणजे मत्तयाच्या ५ व्या ते ७ व्या अध्यायापाशी ते आले, आणि त्यांचे मन जिंकले गेले. १८९५ सालच्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांच्या भजनांनी आज मराठी मंडळीची उपासना भरली आहे, त्यांची ख्रिस्ताशी भेट अशी आगगाडीच्या बाकावर सुरू झाली. अम्माऊसच्या वाटेवरील तिसरा वाटसरू रुळांवरूनही चालतो.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची वाट वेगळी होती. नवऱ्याने धर्म बदलल्याचे दुःख त्यांनी वर्षानुवर्षे सोसले. सोवळेही कडक पाळले. 'स्मृतिचित्रे' ह्या आपल्या आत्मचरित्रात त्या सांगतात, की जातिभेद देवाने केला नसून मनुष्याने केला आहे हा विचार एके दिवशी त्यांच्या मनात उजाडला, आणि मग त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. पाहा, शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीतही सर्व बोलणे एका घोटभर पाण्यावरून सुरू झाले. तेथेही कोणी कोणाच्या भांड्यातून प्यावे हाच प्रश्न होता. लक्ष्मीबाईंस देवाचा प्रकाश ओळखू आला तो पाण्याच्या भांड्यापाशी. आणि ज्या मंडळ्यांत आजही लग्नाच्या किंवा जेवणाच्या वेळी पूर्वीची जात विचारली जाते, त्यांनी आपल्या पाण्याच्या भांड्यात देव दिसतो की नाही, हे तपासून पाहावे.

तिसरी साक्षी पंडिता रमाबाई. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी मुक्तिसदन उभारिले. १८९६–९७ च्या दुष्काळात उपासमारीने मरू लागलेल्या मुली व स्त्रिया त्यांनी जवळ केल्या. पुढे मुक्तीत दळणकांडण, विणकाम, शेती, छापखाना अशी अनेक कामे चालत आणि त्याबरोबर प्रार्थनाही चाले. एकीसाठी दुसरी थांबत नसे. संस्कृत शास्त्रांत पंडिता म्हणून गौरविलेल्या ह्या बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे कशात घालविली? खेड्यातील साध्या स्त्रीस समजेल अशा मराठीत सबंध शास्त्राचे भाषांतर करण्यात. त्यासाठी त्या इब्री व ग्रीक शिकल्या. १९२२ सालच्या एप्रिलच्या ५ तारखेस त्या निवर्तल्या. त्यापूर्वी ते काम त्यांनी पुरे केले होते, व मुक्तीच्याच छापखान्यात ते छापले गेले. देवाचे वचन विद्वानांच्या बैठकीतून उतरून चुलीपाशी यावे, हा त्यांचा हेतू होता. जिला देव चुलीपाशी दिसतो, तीच त्याचे वचन चुलीपर्यंत पोचविण्याचे कष्ट घेते.

५. ओळख खरी की भास?

येथे कोणी विचारील, "प्रत्येक गोष्टीत देव पाहू लागलो, तर आपल्या मनातील कल्पनेस देव म्हणण्याचा धोका नाही काय?" धोका आहे. आपल्या गावांत अंगात येणे, स्वप्ने पडणे, कौल लागणे ह्या गोष्टी आपण पाहिल्या आहेत, व कित्येक वेळा त्या ख्रिस्ती नाव घेऊनही येतात. म्हणून तीन कसोट्या लक्षात ठेवाव्या.

पहिली कसोटी: जे दिसले ते ख्रिस्तासारखे आहे काय? येशूच्या ठायी देव कसा आहे ते आपण पाहिले: दयाळू, सत्य, पाप्यास जवळ घेणारा व पाप सोडावयास लावणारा. जी वाणी आपणांस सूड घ्यावयास, शेजाऱ्यावर करणीचा आळ घ्यावयास किंवा एखाद्या बाईस चेटकीण म्हणावयास सांगते, ती देवाची नव्हे, मग ती प्रार्थना करताना आलेली का असेना.

दुसरी कसोटी: त्याने हातास काय काम दिले? मत्तय २५:३१–४६ मध्ये राजा भुकेल्यात, उघड्यात, आजाऱ्यात व कैद्यात होता. उजवीकडच्यांसही तो तेथे आहे हे ठाऊक नव्हते, तरी त्यांनी हात पुढे केला. ओळख नसतानाही सेवा झाली ती देवास पावली. आणि सेवेशिवाय केवळ ओळख सांगणाऱ्यांस त्याने ओळखले नाही.

तिसरी कसोटी: वजनकाटा खरा झाला काय? दुकानदाराचे माप, मजुराची मजुरी, सासूचे सुनेशी बोलणे, दारूचा पेला, ह्या जागी देवाच्या सान्निध्याचा परिणाम दिसला पाहिजे. जो म्हणतो मी शेतात देवाबरोबर चालतो, आणि रात्री शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरतो, तो कोणाबरोबर चालतो हे सांगावयास नको.

६. देव असता असे का झाले?

सर्वांत कठीण जागा आता येते. पीक पावसाने कुजले. कर्ता मुलगा गेला. कर्जाचा हप्ता थकला. अशा वेळी मनुष्य म्हणतो, देव येथे असता तर असे झाले नसते. हेच शब्द मार्था व मरीया यांनी लाजराच्या मरणानंतर प्रभूस बोलून दाखविले (योहान ११). त्याने त्यांस रागावले नाही. तो कबरेकडे जाताना रडला. म्हणून शोक करणाऱ्या घरी गेलेल्या उपदेशकाने पहिल्याच घटकेस कारणे सांगू नयेत. जवळ बसावे. देव तेथे आहे याची खूण पुष्कळदा उपदेश नसतो. कोणी न बोलता चूल पेटवून भात टाकिला, एवढीच असते.

आणि आजार आला तर विश्वासाच्या नावाखाली उशीर करू नये. मूल तापाने फणफणले तर त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे, व नेताना वाटेत प्रार्थना करावी. औषध घेणे म्हणजे देवास सोडणे नव्हे. ज्याने औषधी वनस्पती उगविल्या व मनुष्यास बुद्धी दिली, तो दवाखान्याच्या खाटेजवळही आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४), हे गावोगाव सांगावे.

संकटात देव कोणाच्या हातांनी येतो, याचे एक अलीकडचे उदाहरण याच परिसरातले आहे. २०१९ सालच्या जुलैच्या २७ तारखेस उल्हास नदीस पूर आला व मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या मध्ये पाण्यात अडकली. आत हजाराहून अधिक प्रवासी होते. त्यांत पोटुशा स्त्रिया व लहान मुले होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, नौदलाची माणसे व जवळचे गावकरी धावून आले. बोटींतून सर्वांस सुखरूप बाहेर काढिले. दोर धरणाऱ्यांनी कोणाचा धर्म विचारिला नाही, व बोटीत बसणाऱ्यांनीही. आपला प्रभू शेजारी कोण हे सांगताना शोमरोन्याची गोष्ट सांगतो (लूक १०:२५–३७), म्हणजे ऐकणाऱ्यांच्या मंडळीबाहेरच्या मनुष्याची. देवाचे काम आपल्या मंडळीबाहेरच्या हातांनीही होते, हे मानण्यात ख्रिस्ताचा मान कमी होत नाही. उलट तो किती मोठा आहे हे आपणांस कळते. ज्या शेजाऱ्यास आपण देवाविषयी सांगू इच्छितो, त्याच्या हातून एखादे दिवशी देव आपणांसच बाहेर काढील.

७. तर मग काय करावे?

नवा देव्हारा मांडू नये. क्रूसाच्या चित्रास हार घालून त्याची भीती बाळगणे म्हणजे जुनाच कोनाडा नव्या वस्तूने भरणे होय. त्यापेक्षा दिवसाच्या ठरलेल्या कामांस प्रार्थनेचे लहान लहान शब्द जोडावे. ज्यांस वाचता येत नाही त्यांसही हे साधते. चूल किंवा गॅस पेटविताना एक वाक्य: प्रभू, ह्या घरात प्रीती पेटती ठेव. उंबरठा ओलांडताना: माझे जाणे व येणे तुझ्या हाती. बियाणे मुठीत घेताना: हे तुझे, उगवणेही तुझे. आगगाडीत किंवा गाडीच्या थांब्यावर शेजारी बसलेल्याकडे पाहून: यात मला तुझी ओळख पटो. रात्री दिवा मालविण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून एकमेकांस विचारावे, "आज देव कोठे भेटला?" मुले ह्या प्रश्नास मोठ्यांपेक्षा चांगली उत्तरे देतात. एखादे दिवशी कोणासच काही सुचणार नाही, त्या दिवशी याकोबाप्रमाणे एवढेच म्हणावे, की देव होता, आम्हांस कळले नाही, आणि निजावे.

पुढल्या आठवड्यासाठी घरचे वाचन असे ठेवावे. सोमवारी उत्पत्ति २८:१०–२२ वाचून आपल्या कामाच्या जागी क्षणभर थांबावे. मंगळवारी अनुवाद ६:४–९ वाचून उंबरठ्यावरची प्रार्थना मुलांस शिकवावी. बुधवारी योहान ४:१–२६ वाचून ज्याच्या घरचे पाणी आपण कधी घेतले नाही त्याच्या घरी जावे. गुरुवारी मत्तय २५:३१–४६ वाचून एका आजाऱ्यास भेटावे. शुक्रवारी योहान ११:१७–३६ वाचून शोकात असलेल्या घरासाठी प्रार्थना करावी. शनिवारी जखऱ्या १४:२०–२१ वाचून हत्यारे, भांडी व हिशेबाची वही स्वच्छ करावी. वहीत कोणाचे देणे राहिले असेल तर ते द्यावे. रविवारी लूक २४:१३–३५ वाचून एका पाहुण्यास जेवावयास बोलवावे.

उपदेशकांनी मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१) बाप्तिस्म्यानंतर आपल्या घरातून काय गेले व त्याच्या जागी काय आले?
२) याकोबास देव भेटला ती जागा व तो मनुष्य कसा होता? यावरून आपण आपल्याविषयी काय समजावे?
३) अम्माऊसच्या शिष्यांनी वाटसरूस घरी बोलाविले नसते तर काय झाले असते?
४) लक्ष्मीबाई टिळकांस पाण्याच्या भांड्यापाशी जे कळले ते आपल्या मंडळीस कळले आहे काय?
५) तीन कसोट्या कोणत्या? मागील महिन्यातील आपल्या एका निर्णयास त्या लावून पाहा.
६) शेजाऱ्याने "तुम्ही दर्शनाला कोठे जाता?" असे विचारिल्यास, त्याच्या देवळाचा अपमान न करिता आपण काय उत्तर द्याल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाठ करून घेऊ नये. ज्याचे त्यास ते आपल्या घरातून, आपल्या शेतातून शोधू द्यावे. शेजारी आपले शब्द एकदा ऐकेल. आपले घर तो रोज पाहतो. त्या घरात भांडण झाल्यावर क्षमा मागितली जाते, पाहुण्यास भाकरी मिळते, सुनेस मान मिळतो, माप खरे असते, आणि दुःखाच्या रात्रीही कोणाचे तरी नाव घेऊन माणसे शांत निजतात, असे त्यास दिसले, तर तो पुन्हा तोच प्रश्न विचारील. मात्र ह्या वेळी दारात उभा राहून नव्हे, आत येऊन बसून विचारील.

प्रार्थना: हे प्रभू, तू आमच्या जवळ आहेस व आमचे डोळे मिटलेले आहेत. आम्ही झाडलेल्या घरात तू येऊन राहा. आमचे हात ज्या कामास लागतात त्या कामात, आणि जी माणसे आमच्या वाटेवर येतात त्या माणसांत, तुझी ओळख आम्हांस करून दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.